जंताची गोळी दिली, पुढे काय?

दरवर्षी १० फेब्रुवारीला अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना जंताची गोळी चघळायला देतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून सुरू आहे. १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना गोळी फुकट मिळते, आणि जिथे जंतांचं प्रमाण जास्त, तिथे ऑगस्टमध्ये दुसरी फेरी होते. योजना चांगली आहे. पण बहुतेक घरांत गोळी पोटात गेली की विषय संपतो, आणि चार-सहा महिन्यांत पोरगं पुन्हा पोट धरून बसतं. मग घरात निष्कर्ष निघतो की सरकारी गोळीत दम नाही.

दम आहे. ती आतड्यातले जंत मारते. अंगणातल्या मातीतली, नखाखालची, कोथिंबिरीच्या जुडीतली अंडी मात्र तिच्या हद्दीबाहेर असतात. शिवाय प्रत्येक जंताची शरीरात शिरायची वाट वेगळी. एक तोंडातून येतो, एक तळपायातून, एक अंथरुणातून. कुठली वाट उघडी आहे हे न बघता नुसत्या गोळ्या देत राहिलं, तर दर सहा महिन्यांनी तेच करावं लागतं.

पहिलं काम: कोणता जंत, ते ओळखा

‘जंत पडले’ म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो तो गोल जंत: गांडुळासारखा, फिकट गुलाबी. याची मादी २० ते ३५ सेंटिमीटर वाढते आणि दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. उघड्यावरच्या शौचातून ती मातीत जातात, तिथे दोन-तीन आठवड्यांत ‘पिकतात’ आणि मातीच्या हातांनी किंवा कच्च्या भाजीतून तोंडात येतात. आतड्यात फुटलेली अळी तिथेच राहत नाही. रक्तातून फुप्फुसात जाते, घशाशी येते, गिळली जाते आणि मग आतड्यात येऊन मोठी होते. म्हणून काही मुलांना जंत दिसायच्या आधी कोरडा खोकला येतो. अंडं गिळल्यापासून नवी अंडी घालण्यापर्यंत दोन ते तीन महिने जातात. गोळी घेतली त्या दिवशी ज्या अळ्या फुप्फुसात होत्या, त्या वाचतात. ‘गोळी घेऊनही जंत पडला’ यामागे बरेचदा हेच असतं.

सुतासारखे बारीक पांढरे जंत वेगळे. सेंटीमीटरभर लांबीची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते, आणि मूल झोपेत खाजवतं. ती अंडी चार ते सहा तासांत संसर्ग करण्याजोगी होतात आणि चादरीवर, चड्डीवर, खेळण्यांवर दोन-तीन आठवडे टिकतात. माती, उघडं शौच, गरिबी यांचा याच्याशी फारसा संबंध नाही. पुण्या-मुंबईच्या चकचकीत फ्लॅटमध्ये हे सर्रास असतात. कुत्र्या-मांजरांकडूनही येत नाहीत, माणसाकडूनच माणसाला होतात.

तिसरा अंकुशकृमी, ज्याला डॉक्टर हुकवर्म म्हणतात. मला सर्वांत जास्त धास्ती याची वाटते, कारण हा दिसत नाही. याच्या अळ्या ओल्या, सावलीतल्या मातीत असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, ती ‘चिखल्या झाल्या’ म्हणून सोडून दिली जाते. आतड्याला चिकटलेला एकेक जंत रोज थोडंथोडं रक्त पितो. शेकड्यांनी जंत असले की बाई थकते, धाप लागते, नखं पांढुरकी होतात. आणि घरचे म्हणतात, हिला कामाचा कंटाळा आहे. त्यातून आणखी एक फेरा सुरू होतो: रक्त कमी झालं की माती, खडू, भिंतीचा चुना खावासा वाटतो, आणि माती खाल्ली की गोल जंतांची अंडी पोटात जातात. माती खाणाऱ्या मुलाला रट्टा देऊ नका, त्याचं हिमोग्लोबिन तपासा.

चाबूककृमी आपल्याकडे कमी चर्चेत असतो. खूप झाले तर शौचातून आव-रक्त जातं आणि लहान मुलाचं गुदद्वार बाहेर येऊ शकतं. एका गोळीने तो पुरता जात नाही, डॉक्टर सहसा तीन दिवसांचा कोर्स देतात.

फीतकृमीबद्दल एक गैरसमज फार खोल रुजला आहे: ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला काय होणार.’ कच्चट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात फीतकृमी होतो, हे खरं. पण ज्याला तो झालाय त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती भाजीवरून किंवा न धुतलेल्या हातांवरून कुणाच्याही पोटात गेली, तर अळ्या स्नायूंत आणि मेंदूत गाठी करतात. मेंदूतली गाठ म्हणजे फेफरं येण्याचं आपल्या देशातलं एक मोठं कारण. कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरात हे होऊ शकतं, कारण दोष मांसाचा नसून मैल्याचा असतो.

या सगळ्यांखेरीज दोन एकपेशीय जीव आहेत, त्यांना जंत म्हणणं बरोबर नाही: आमांशाचा अमिबा आणि जिआर्डिया. अमिबात मुरडा येऊन आव-रक्त पडतं. जिआर्डियात पोट गुबारतं, ढेकरांना कुजका वास येतो आणि शौच तेलकट, फेसाळ, पाण्यावर तरंगणारं होतं. शाळेतल्या एका जंताच्या गोळीने हे दोन्ही बरे होत नाहीत. त्यांची औषधं वेगळी.

जे जंतांमुळे होत नाही

झोपेत दात खाणं हा जंतांचा पुरावा नाही. गालांवरचे फिकट पांढरे चट्टे जंतांमुळे येतात असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ते बहुधा कोरड्या त्वचेचे असतात आणि तेल किंवा मॉइश्चरायझर लावल्याने, थोड्या काळाने जातात. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत, दात किडतात. एवढ्यावरून दर महिन्याला मेडिकलमधून गोळी आणून देणाऱ्या घरांनी थोडं थांबावं.

तपासणी करायची तर नीट करा

शौच तपासणीत ‘काही सापडलं नाही’ असा रिपोर्ट आला म्हणजे जंत नाहीत, असं नाही. अंडी रोज सारखी पडत नाहीत. शक्य असेल तर एक दिवसाआड असे तीन नमुने द्या. डबी स्वच्छ आणि कोरडी हवी, लघवी किंवा संडासातलं पाणी त्यात मिसळू देऊ नका. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचवा. आदल्या रात्रीची डबी सकाळी नेऊन उपयोग नाही: अमिबाचे जिवंत जीव मरून जातात आणि हुकवर्मच्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात.

सुतासारखे जंत शौच तपासणीत बहुधा सुटतात. त्यांच्यासाठी सेलोटेपची युक्ती आहे. सकाळी उठल्याबरोबर, शी-आंघोळीच्या आधी, पारदर्शक टेपचा चिकट भाग मुलाच्या गुदद्वाराच्या कडेला दाबायचा आणि तो काचेच्या पट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेत द्यायचा. लागोपाठ तीन सकाळी केलं तर खात्री जास्त. किंवा मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून बघा, पांढरे दोरे वळवळताना दिसतात.

थकवा असेल तर सोबत रक्ताची साधी तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन कळतं, आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढल्या असतील तर डॉक्टरांना जंतांचा संशय येतो.

गोळी देताना

नेहमीची गोळी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची. २ वर्षांवरच्या मुलाला आणि मोठ्यांना एक पूर्ण, १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. गोळी चावून खायची. लहान मुलाला दोन चमच्यांमध्ये पूड करून पाण्यातून द्या. रडणाऱ्या, झोपाळलेल्या मुलाच्या तोंडात अख्खी गोळी कोंबू नका, ती घशात अडकू शकते. उपास नको, जुलाबाचं औषधही नको. जुन्या काळी जंताच्या औषधाबरोबर एरंडेल पाजायचे, त्याची आता गरज उरलेली नाही.

गोळीनंतर थोडी मळमळ, पोटात दुखणं किंवा एखादा जंत पडणं होऊ शकतं. जंत पडला तर घाबरू नका. एकही पडला नाही तरी औषध वाया गेलं असं नाही, बारीक जंत शौचात सहज दिसत नाहीत. मूल तापाने किंवा दुसऱ्या आजाराने अंथरुणावर असेल तर गोळी पुढे ढकला.

पुढे दिलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये: गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या बायका, यकृताचा आजार असलेले आणि ज्यांना कधी फेफरं आलं आहे असे. शेवटच्यांचं कारण महत्त्वाचं आहे. मेंदूत गाठ असेल तर औषधाने ती मरताना सूज येते आणि झटका येऊ शकतो.

दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू होणार असतील आणि तुम्ही शेतीत, मातीत काम करत असाल, तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक जंत वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती खचली की उसळतो.

आमांशाचं औषध, मेट्रोनिडाझोल किंवा तसलं, अर्ध्यावर सोडायची सवय आपल्याकडे फार. दोन दिवसांत मुरडा थांबतो, तोंड कडू होतं, पट्टी कपाटात जाते. अमिबा आतड्यात दडून राहतो आणि कधी यकृतात गळू करतो. पहिल्या औषधानंतर आतड्यातले उरलेले जीव मारायला डॉक्टर दुसरं औषध देतात, तेही पुरं करा. या काळात दारू बंद.

वावडिंगाचं म्हणाल, तर बाळाच्या दुधात चार दाणे उकळायची रीत घरोघर आहे आणि तेवढ्याने सहसा काही बिघडत नाही. पण बाळाला गोल जंत झाले असताना त्यावर विसंबून महिने घालवू नका. डाळिंबाच्या मुळाच्या सालीचा काढा अजिबात नको, त्यातली द्रव्यं विषारी ठरू शकतात. मोबाइलवर फिरणारे ‘पॅरासाइट क्लीन्ज’चे व्हिडिओ तर सरळ पुढे सरकवा. त्यात टर्पेंटाइन प्यायला सांगणारेही महाभाग आहेत, आणि शौचातून पडलेले दोर म्हणून जे दाखवतात ते बरेचदा आतड्यातला चिकट स्राव आणि अस्तराचे तुकडे असतात.

सुतासारख्या जंतांसाठी घराची मोहीम

इथे एका मुलाला औषध देऊन भागत नाही. आजी-आजोबांपासून सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. पहिल्या गोळीच्या वेळी अंड्यात असलेले जंत तोपर्यंत बाहेर आलेले असतात, दुसरी गोळी त्यांच्यासाठी.

पहिल्या गोळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या चादरी, अभ्रे, चड्ड्या, झोपायचे कपडे कडक गरम पाण्यात धुवा. चादरी झटकू नका. आपल्याकडे सकाळी उठून अंथरूण झटकणं म्हणजे नीटनेटकेपणा. इथे नेमकं उलटं होतं: अंडी उडतात, हवेतून नाका-तोंडात जातात. चादर हळूच गुंडाळून थेट बादलीत टाका. फरशी कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. मुलाला सकाळी आंघोळ घाला, संध्याकाळची नको, कारण अंडी रात्री घातलेली असतात. रात्री घट्ट चड्डी घाला. नखं बारीक ठेवा. हे सगळे सोपस्कार दुसऱ्या गोळीपर्यंत चालू ठेवायचे.

आणि शेजाऱ्यांना सांगा. लाज वाटते म्हणून कुणी सांगत नाही, आणि बालवाडीतून तेच जंत परत येतात.

पाणी

जारचं पाणी शुद्ध, आडाचं अशुद्ध असा सरधोपट हिशेब करू नका. पाणी एक मिनिट खळखळून उकळलं की जिआर्डिया, अमिबा, अंडी सगळं मरतं. घरात उकळायला गॅस परवडत नसेल तर आशाताईंकडे मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरिनचं औषध, मागा. ते पटकी-अतिसाराच्या जंतूंवर चांगलं काम करतं, पण जिआर्डिया क्लोरिनला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि गोल जंताचं अंडं तर मुळीच नाही. म्हणून पाणी आधी दुहेरी फडक्यातून गाळा, स्थिर होऊ द्या, मग मेडिक्लोर टाका आणि अर्धा तास थांबा.

फडक्याला कमी लेखू नका. नारू आठवणाऱ्या माणसांना ते पटेल. महाराष्ट्रातही तो होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवातून अळी पोटात जायची आणि वर्षभराने पायातून हातभर दोरा बाहेर यायचा. त्यावर औषध नव्हतं, लसही नव्हती. पाणी गाळून पिणं आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं यावर देशाने तो संपवला. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

गावाच्या नळपाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडते की नाही, हे ग्रामपंचायतीत विचारा. पाण्यातलं क्लोरिन तपासायच्या ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळसर झालं तर क्लोरिन आहे. पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीत गावाला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालंय, हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे. लाल कार्ड म्हणजे पाण्याचा स्रोत धोक्यात.

घरात पाणी चांगलं असून बिघडतं ते माठात. तांब्या धरलेली बोटं आत बुडतात. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा पिंप घ्या. बाहेर रसवंतीत उसापेक्षा बर्फाकडे लक्ष द्या, तो कुठल्या पाण्याचा आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं. बर्फाशिवाय रस मागा.

भाजी

शहरांच्या कडेला बरीच पालेभाजी नाल्याच्या पाण्यावर होते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर यांची जुडी सोडून एकेक काडी वेगळी करा, माती जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांत बुडवून धुवा आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली धरा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने गोल जंतांची अंडी मरत नाहीत, त्यांचं कवच फार चिवट. चोळून, वाहत्या पाण्यात निघतील तेवढी निघतात. शिजवल्यावर मात्र ती मरतात. म्हणून लहान मूल असलेल्या घरात पावसाळ्यात कच्च्या पालेभाजीची कोशिंबीर टाळा. काकडी, गाजर, मुळा सोलून द्या. वरून भुरभुरायची कोथिंबीर फोडणीत घाला, चव थोडी कमी होईल, होऊ द्या.

हात, पाय आणि संडास

साबणाने वीस सेकंद, नखांच्या टोकांसह: शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी. राखेने, मातीने हात धुवायची रीत अजून काही ठिकाणी आहे. राख चालेल, माती नको.

शेतात, परसात, सुपारीच्या बागेत चप्पल किंवा गमबूट. कोकणातली ओली, सावलीची माती हुकवर्मला मानवते. कोकणात किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरून आल्यावर तळपायावर नागमोडी, खाजरी लाल रेघ उठली तर ती कुत्र्यांच्या हुकवर्मची अळी आहे. ती आतड्यात जात नाही, पण डॉक्टरांना दाखवा. घरच्या कुत्र्याला पशुवैद्यकाकडून ठरावीक काळाने जंतनाशक द्या.

संडास बांधून पुरत नाही, बाळाची शीही त्यातच टाकायची. ‘लहान मुलाची शी काय लागते’ हा समज अंगणाच्या मुळावर येतो. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर भरलेला खड्डा निदान दीड ते दोन वर्षं बंद ठेवा, त्याआधी खत उपसू नका. गोल जंतांची अंडी त्या काळात टिकून असू शकतात. सेप्टिक टाकीचा ट्रॅक्टर कुणाच्या शेतात मोकळा होतो, यावरही गावाचं लक्ष हवं.

लगेच दवाखाना गाठायच्या वेळा

जंत किंवा हिरवी उलटी, पोट फुगून टणक होणं आणि शौच-वायू दोन्ही बंद होणं: गोल जंतांच्या गुंत्याने आतडं अडलेलं असू शकतं. अशा वेळी घरी आणखी गोळी देऊ नका, जिथे सर्जन असतील तिथे न्या. बरगडीखाली उजवीकडे सणसणून दुखणं, सोबत ताप किंवा कावीळ. झटका. काळं किंवा रक्ताळलेलं शौच. वजन उतरत राहणं.

बरं झाल्यावर

हुकवर्मने रक्त कमी केलं असेल तर जंत मेल्याने ते आपोआप भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. भाकरी, लाल माठ, डाळ यांवर लिंबू पिळा. शाळेतली आयर्नची गुलाबी किंवा किशोरवयीनांची निळी गोळी मुलं दप्तरात लपवतात, विचारत राहा.

जिआर्डियानंतर काही आठवडे दूध पचत नाही, गॅस होतो, पातळ होतं. तेव्हा ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून पुन्हा कोर्स सुरू करू नका. दूध थांबवा, ताक-भात, मुगाची खिचडी द्या. तरीही त्रास राहिला तर उपचारानंतर दोन-तीन आठवड्यांनी शौच पुन्हा तपासून घ्या.